पाच वर्षांसाठी एक कोरडी खोली

मा. आयुक्त,
मालेगाव महानगरपालिका, मालेगाव यांस,



द्याने भागात एका बंद यंत्रमाग कारखान्याला लागून पत्र्याचं गोडाऊन आहे. त्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि येत्या 31 मेला ती मला परत करायची आहे. आत 23 जुने संगणक आहेत, 9 मॉनिटर, 6 प्रिंटर, दोन खोकी भरून सुटी कार्डं आणि केबली, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत अकराशेच्या आसपास फ्लॉप्या. हे सगळं कुठे न्यायचं, हा प्रश्न घेऊन मी आपल्याकडे आले आहे. मागणी छोटी आहे आणि ती पत्राच्या शेवटी लिहिली आहे. पण या सामानात काय आहे ते आधी सांगितलं नाही, तर आपल्यालाही ते भंगारच वाटेल.

कारखान्याचे मालक आमच्या ह्यांचे मित्र. अकरा वर्षं त्यांनी एक रुपया भाडं घेतलं नाही. "वहिनी, माग गेले, जागा रिकामीच आहे, तुमचे डबे ठेवा," एवढंच म्हणाले होते. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मुलांनी जागा विकायला काढली आहे आणि त्यांचं काही चुकत नाही. कर्ज आहे, गिऱ्हाईक मिळालं आहे. उलट त्यांनी मला तीन महिन्यांची मुदत दिली. त्या तीन महिन्यांत मी नातेवाइकांकडे गेले, दोन शाळांत गेले, एका वाचनालयात गेले. सगळ्यांनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण रिकामी खोली कोणाकडेच नव्हती. माझं घर दोन खोल्यांचं, त्यात आम्ही पाच माणसं.

मी टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेली. मराठी चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली आणि 1992 साली कॅम्पात डीटीपीचं दुकान काढलं. पहिला संगणक जुना घेतलेला 286, केशरी अक्षरांचा मॉनिटर, 40 एमबीची हार्ड डिस्क. लेझर प्रिंटर घ्यायची ऐपत नव्हती. मजकूर टाइप करायचा, फ्लॉपी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायची आणि सकाळच्या एसटीने नाशिक गाठायचं. तिथे ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून संध्याकाळी परत. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात उन्हाने किंवा धुळीने फ्लॉपी खराब झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच एसटी. म्हणून प्रत्येक कामाच्या दोन फ्लॉप्या करायची सवय लागली. अकराशेचा आकडा त्या सवयीतून आला आहे. खरी कामं साधारण निम्मी.

काय आहे त्यांत? लग्नपत्रिका आहेतच. त्याखेरीज शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, विणकरांच्या सोसायट्यांची परिपत्रकं, मजुरीच्या दरावरून झालेल्या बैठकांची निवेदनं, गणेश मंडळांचे जमाखर्च, इथे बनलेल्या एका सिनेमाचं पोस्टर, मुशायऱ्यांच्या आमंत्रणपत्रिका, दुकानांच्या उद्‌घाटनाची हँडबिलं. यातलं फार थोडं कोणी जपून ठेवलं असेल. हँडबिल जपत नसतात. वाचून झालं की त्यात भजी बांधतात. पण 1992 ते 2010 या काळात मालेगाव काय विकत होतं, कशावर भांडत होतं, कोणाच्या सत्काराला जमत होतं, हे जाणून घ्यायचं तर या कागदांइतकं जवळचं साधन दुसरं नाही.

आता कोणीही विचारेल, आणि विचारतातच, की मग फ्लॉप्या ठेवा, संगणक कशाला? तेच समजावून सांगायचं आहे.

आज फोनवर मराठी लिहिताना कोणाला वेगळं काही करावं लागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आमच्यासारख्या दुकानांपर्यंत ती पोचायला पंधरा-वीस वर्षं लागली. तोवर ज्याची त्याची वेगळी सोय. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते संगणकाच्या पोटात खाचेत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी हे सॉफ्टवेअर होतं, शिवाय आकृती होतं. प्रत्येकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा श वेगळा. त्याच कंपनीचा तोच फॉन्ट असेल तर तुकडे जुळून शब्द दिसतो, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. आणि सॉफ्टवेअर कोणी फुकट वापरू नये म्हणून डोंगल. काडेपेटीएवढा हा तुकडा संगणकाच्या मागे, प्रिंटरची केबल जिथे लागते त्या 25 पिनांच्या पोर्टला लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर चालू होत नाही. तो पोर्ट आज दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपला नाही.

म्हणजे फ्लॉपी वाचायला फ्लॉपी ड्राइव्ह हवा, ड्राइव्हला जुना मदरबोर्ड, त्यावर जुनी विंडोज, विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरला डोंगल आणि डोंगलला तो पोर्ट. साखळीतली एक कडी निखळली की बाकीच्या कड्यांचा उपयोग संपला.

हे मला 2011 साली कळलं. एका शाळेची 1996 सालची स्मरणिका मी केली होती. शाळेकडे तिची एकच छापील प्रत उरली होती आणि तिला वाळवी लागली होती. तीत पहिल्या मुख्याध्यापकांचा लेख होता, शाळा तंबूत कशी भरायची त्याबद्दलचा. तेवढा पुन्हा छापायचा होता. मुख्याध्यापक हयात नव्हते. माझ्या तेव्हाच्या संगणकावर फाइल उघडली तर एक शब्द लागेना. जुना पेंटियम मी पाण्याच्या टाकीखाली ठेवून दिला होता, भंगारवाला आला की द्यायचा म्हणून. तो आणला, ब्लोअरने धूळ काढली, डोंगल लावलं. दोनदा अडकला, तिसऱ्यांदा चालू झाला आणि सगळा लेख काना-मात्रेसकट समोर आला. त्या दिवसापासून मी जुनं यंत्र भंगारात दिलं नाही. लोकांनाही कळलं, बंद पडलेल्या क्लासवाल्यांनी, मशीन बदलणाऱ्या प्रेसवाल्यांनी "ताई, तुम्हाला लागतं ना" म्हणत आणून दिलं.

मालेगावात डीटीपी म्हणजे दोन लिप्या. किदवाई रोडवर एक कातिब चाचा बसायचे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरपी उतरत जाते आणि शेजारी कोण आहे त्यावर अक्षराचा आकार बदलतो. खिळ्यांच्या छपाईला ते कधी नीट जमलं नाही, म्हणून उर्दू वर्तमानपत्रंसुद्धा कातिबांनी हाताने लिहायची आणि त्यावरून छापायची, अशी रीत होती. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-आकार स्वतःच्या हाताने लिहून काढले, त्यातून 1981 साली नूरी नस्तालीक तयार झाली. 1994 मध्ये इनपेज हे उर्दू डीटीपीचं सॉफ्टवेअर आलं आणि तीच लिपी साध्या संगणकावर आली. कातिबांचं काम थोड्या वर्षांत संपलं. चाचांनी साठीच्या उंबरठ्यावर माझ्या दुकानात बसून इनपेज शिकून घेतलं. त्यांनी मला नुक्ते ओळखायला शिकवले, मी त्यांना माउस धरायला. पुढे त्यांनी स्वतःचं मशीन घेतलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ते मशीन, डोंगल आणि एक वही माझ्याकडे आणून दिली. वहीत फ्लॉपीचा क्रमांक, तारीख आणि काम, अशा नोंदी आहेत, सगळ्या त्यांच्या मूळच्या कातिबी हस्ताक्षरात. माझ्या संग्रहात मशीनपेक्षा ती वही मला मोठी वाटते.

8 सप्टेंबर 2006 ला शहरात स्फोट झाले, तेव्हा एक हँडबिल आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. रक्तदात्यांना आवाहन आणि अफवांवर विश्वास ठेवू नका, एवढाच मजकूर. डाव्या अर्ध्यात मराठी, उजव्या अर्ध्यात उर्दू. श्री-लिपी माझ्या मशीनवर, इनपेज त्यांच्या मशीनवर, त्यामुळे दोन ट्रेसिंग वेगवेगळी काढली, काचेखाली बल्ब लावून ती एकमेकांना जुळवली आणि चिकटपट्टीने जोडली. प्लेट त्यावरून निघाली. चिकटपट्टीने जोडलेला तो कागद आता नाही. छापील प्रत मी खूप शोधली, मिळाली नाही. डावा अर्धा माझ्या फ्लॉपीत आहे, उजवा चाचांच्या. दोन्ही मशीन एका खोलीत चालू झाली तर ते हँडबिल पुन्हा जोडता येईल.

साहेब, संग्रह मोडतो तो बहुतेक वेळा जागेपायी. यंत्रं जुनी होतातच, त्यांना दुरुस्त करता येतं. 486 च्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डवर एक छोटी बॅटरी झाळून बसवलेली असायची. ती काही वर्षांनी पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट-निळा थर दिसला की समजायचं. गोडाऊनमधल्या प्रत्येक मशीनची ती बॅटरी मी काढून टाकली आहे. फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी येते, ती हलक्या हाताने पुसता येते. उन्हाळ्यात इथे पारा 43-44 ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि आसपास माग चालू असले की सुताची बारीक धूळ पंख्यात जाऊन बसते. यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं. किल्ली परत द्यायची तारीख आली की काही करता येत नाही. मग एक मशीन भाच्याकडे जातं, एक कोणाच्या गच्चीवर, डोंगलचा डबा तिसरीकडे, आणि चौथ्या वर्षी कोणालाच आठवत नाही की हे सगळं एकमेकांसाठी होतं.

गेल्या महिन्यात मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. मन तयार करून बोलावलं होतं. माणूस चांगला, कामातला जाणकार. सगळ्याचे मिळून साडेअकरा हजार देतो म्हणाला. काटा लावता लावता त्याने एक 486 चा सिरॅमिकचा प्रोसेसर उचलला आणि म्हणाला, "बाजी, ये अलग रखना, इसमें सोना है." खरंच असतं. जुन्या प्रोसेसरच्या पिनांवर आणि कार्डांच्या दातांवर सोन्याचा मुलामा जाड असायचा, नव्यांत तो पातळ होत गेला. त्यामुळे जे यंत्र सर्वांत जुनं, दुर्मिळ, तेच ॲसिडमध्ये आधी जातं. ते काम कुठल्यातरी बोळात, बिनामास्कची पोरं करतात, हे वेगळंच दुःख. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

सोन्यावरून मला फाळके आठवले. दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्याचे, त्र्यंबकेश्वरी जन्मले, नाशिकला 1944 साली वारले. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यांतले अगदी थोडे आज उरले आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 चा, त्याची एकही प्रत नाही. आग, हवामान ही कारणं आहेतच, पण रिळं विकलीही गेली, कारण फिल्मवरच्या थरातून चांदी काढता येते. जागा अडली की रिळाचं वजन करायचं. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं तेव्हा बरंच काही हातचं गेलं होतं. तरीही त्या संग्रहालयातला पी. के. नायर नावाचा माणूस घरोघर फिरला, फाळक्यांच्या घरच्यांकडूनही त्यांनी रिळं मिळवली, म्हणून 1919 सालचा ‘कालिया मर्दन’ आज आपण पाहू शकतो. नायरांची जिद्द तर होतीच. पण आणलेलं रीळ ठेवायला त्यांच्यामागे सरकारची एक इमारत होती.

पैसा असला की जागा टिकते असंही नाही. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटलमध्ये जुन्या संगणकांचं संग्रहालय उभं केलं होतं, 2012 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथली मोठमोठी जुनी यंत्रं चालू स्थितीत होती, येणाऱ्याला त्यांवर बसून काम करता यायचं. 2018 मध्ये ॲलन वारले. 2020 मध्ये करोनामुळे दारं बंद झाली, ती उघडलीच नाहीत, आणि 2024 मध्ये त्यांच्या संग्रहातल्या वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या. त्यातला एक ॲपल-1 एकटाच 9 लाख 45 हजार डॉलरला गेला. एकेक वस्तू एकेका श्रीमंताच्या कपाटात पोचली असेल, सुरक्षितही असेल. पण चालू यंत्रांनी भरलेली ती खोली आता कुठेही नाही.

याउलट आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमाराला अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी गोळा करायला सुरुवात केली. लोक ज्याला अडगळ म्हणत ते त्यांनी आणलं. 1960 पर्यंत सुमारे 15,000 वस्तू झाल्या. त्यांनी तो सगळा संग्रह 1975 मध्ये महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याला दिला, म्हणून आज शुक्रवार पेठेत जाऊन कोणीही पाहू शकतो. माझ्या संग्रहाला त्यांच्या नखाचीही सर नाही, हे मला माहीत आहे. मी केळकर संग्रहालयाचं नाव घेतलं ते वेळेसाठी. त्यांनी हयातीत आणि एकसंध स्थितीत संग्रह सोपवला, घेणाऱ्याने तो घेतला.

आणि मालेगावने अशा गोष्टींचं मोल जाणावं, हे मी आणखी एका कारणाने म्हणते. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा संकलनासाठी स्टुडिओ नव्हता. दोन व्हीसीआर जोडून त्यांनी ते केलं. पुढे हिरव्या कापडासमोर इथला माग कामगार सुपरमॅन होऊन उडाला, तो संगणकाच्या जोरावर. फैझा अहमद खान यांचा त्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला, 2025 च्या फेब्रुवारीत ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी सिनेमाही आला. मुंबईच्या निर्मात्यांना हे शहर दिसलं ते इथल्या माणसांनी साध्या यंत्रांतून काय काढलं त्यामुळे. त्या यंत्रांच्या जातीचा एखादा व्हीसीआर, एखादा जुना संगणक या शहरात लोकांना पाहता येईल अशा जागी असावा, ही अपेक्षा जास्त नाही. आज पर्यटक किल्ला पाहतो आणि परत जातो.

कारखान्याच्या ज्या शेडला लागून माझं गोडाऊन आहे, त्या शेडमध्ये साधे यंत्रमाग होते. मंदीत ते वजनावर विकले गेले. जमिनीत आता नुसते बोल्ट उरले आहेत, रांगेने. पुढची पिढी विचारेल की माग कसा होता, तर दाखवायला त्या शेडमध्ये एकही ठेवलेला नाही. मागाचं संगणकाशी नातंही आहे. येवल्याला पैठणीच्या काही मागांवर जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात. भोक आहे तिथे धागा उचलायचा, नाही तिथे नाही. पुढे संगणकाला माहिती पुरवली गेली ती असल्याच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून. मागावर जगणाऱ्या शहराला संगणक परका नाही, एवढंच त्यातून मी घेते.

मी सगळंच ठेवा म्हणत नाही. गेले तीन आठवडे मी गोडाऊनमध्ये बसून निवड केली आहे. 23 पैकी 14 संगणक एकाच प्रकारचे आहेत, त्यांतले सुटे भाग काढून घेऊन सांगाडे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला द्यायला माझी तयारी आहे. 9 पैकी 6 मॉनिटर द्यायचे. काचेच्या नळीचे ते मॉनिटर जड आहेत, त्यांच्या काचेत शिसं असतं, फोडले तर धोका. प्रिंटरपैकी दोन ठेवायचे. एक मशीन मात्र मी यादीत हट्टाने ठेवलं आहे, त्यात मराठीही नाही आणि उर्दूही नाही. डीबी स्पेक्ट्रम प्लस. ब्रिटनच्या सिंक्लेअरच्या परवान्याने डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या आपल्याकडच्या कंपनीने 1986 मध्ये बाजारात आणलेला छोटा संगणक. घरच्या टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवरून, साध्या टेपरेकॉर्डरने चढवायचा. एका निवृत्त शिक्षकांनी दिला. कॅसेट लावली की पाच मिनिटं किरकिर ऐकू येते आणि मग पडद्यावर चित्र. मुलांना ती किरकिर ऐकवली की ती स्तब्ध होऊन पाहतात, मी स्वतः पाहिलं आहे.

ई-कचऱ्याचे 2022 चे नियम मी वाचले. 1 एप्रिल 2023 पासून ते लागू आहेत आणि गरजेचेच आहेत. त्यांत उत्पादक आहे, नूतनीकरण करणारा आहे, मोडणारा आहे, पुनर्प्रक्रिया करणारा आहे. जपणारा नाही. ती उणीव दिल्लीत भरली जाईल तेव्हा जाईल. मालेगावपुरती ती आपल्या एका सहीने भरू शकते. म्हणून माझ्या मागण्या.

पहिली, खोली. महापालिकेच्या एखाद्या शाळेत बंद वर्गखोली असेल किंवा वरच्या मजल्यावरचा न गेलेला गाळा असेल, साधारण 300 चौरस फूट. तळमजला नको, मोसम नदीचं पाणी आणि ओल दोन्हींची भीती. खिडक्यांना जाळी, अर्थिंग असलेले दोन पॉइंट. विजेचं बिल मी भरीन. मुदत पाच वर्षं. मला कायमचं संग्रहालय मागायचं नाही. फ्लॉप्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणून नीट तपासायला मुदत हवी आहे. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, तक्ते विस्कटतात. प्रत्येक पान जुन्या पडद्याशेजारी ठेवून वाचावं लागतं. उर्दूसाठी दुसरा वाचणारा लागेल, तसे दोन शिक्षक तयार आहेत. शिवाय माझ्यासारखी दुकानं या शहरात किती होती! त्यांच्या माळ्यांवर अजून फ्लॉप्या असतील. खोली सार्वजनिक असेल तर ते आणून देतील, माझ्या घरी कोण कशाला देईल? खाजगी पत्रव्यवहार आणि हिशेब त्यांच्या मालकांना विचारल्याखेरीज कोणाला दाखवले जाणार नाहीत, हे मी लिहून देते.

दुसरी मागणी फुकट आहे. महापालिकेच्या शाळांत आणि कार्यालयांत जुने संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत पडून असतात. निर्लेखन होतं आणि सगळे एकगठ्ठा लिलावात जातात. त्या आधी प्रत्येक जातीचा एक, त्याच्या कीबोर्ड, केबल आणि डोंगलसकट, बाजूला काढावा, एवढा एक शेरा निर्लेखन समितीच्या कागदावर यावा. आणि हार्ड डिस्क मोडीत जाण्याआधी तीत काय आहे ते कोणीतरी पाहावं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तो 2001 च्या आसपासचा काळ त्यांत असू शकतो.

पाच वर्षांनंतर यंत्रांचं काय करायचं ते महापालिकेने ठरवावं. मी आजच ती सारी, यादीसकट, महापालिकेच्या नावे लिहून द्यायला तयार आहे. यादी तीन प्रतींत केली आहे. त्यात प्रत्येक मशीनपुढे कोणतं डोंगल त्याचं, कोणत्या डब्यातल्या फ्लॉप्या त्यावर उघडतात, हे लिहिलं आहे, आणि चाचांच्या वहीचं मराठी लिप्यंतर जोडलं आहे. माझ्यानंतर कोणालाही ते लावता यावं म्हणून.

31 मेनंतर काही दिवसांत पाऊस येईल. त्या तारखेपर्यंत मी रोज दुपारी तीन ते सहा गोडाऊनमध्ये असते. कोणाला पाठवणार असाल तर टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबवायला सांगा, आत वळत नाही. चाचांचं मशीन आणि माझा पेंटियम दाराजवळच ठेवले आहेत. जागा एवढीशीच मिळाली तर आधी ते दोन उचला.

आपली,
कॅम्पातली एक जुनी डीटीपी ऑपरेटर